बहात्तरचं साल किती महिन्यांचं होतं?



आज आपण एकाच वर्षाबद्दल बोलणार आहोत. बहात्तरचं साल. नुसतं नाव काढलं तरी घरातली जुनी माणसं दुष्काळाचंच सांगायला लागतात. कुणाची विहीर दुष्काळात खोदलेली असते, कुणाची थोरली नणंद दुष्काळातली असते, कुणाचं लग्न दुष्काळ सरल्यावर झालेलं असतं. गटाच्या बैठकीत एखाद्या आजीला वय विचारा. ती आकडा सांगत नाही. "दुष्काळात मी एवढी होते," म्हणते आणि जमिनीपासून हात वर धरून उंची दाखवते.

तर माझा प्रश्न साधा आहे. हे बहात्तरचं साल सुरू कधी झालं आणि संपलं कधी?

शाळेत शिकलेली मुलगी म्हणेल, १ जानेवारीला सुरू झालं, ३१ डिसेंबरला संपलं. तिचं बरोबर आहे. तिची आजी म्हणेल, वर्ष पाडव्याला सुरू होतं. आजीचंही बरोबर आहे. आजोबा म्हणतील, आमचं साल मृगापासून. बाजारातला व्यापारी म्हणेल, दिवाळी पाडव्याला नवी वही. आणि गटाची सचिव म्हणेल, आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्या दिवशी बँकेत उभं राहायलाही जागा नसते. सगळ्यांचंच बरोबर आहे. प्रत्येकाने आपापल्या कामासाठी वर्ष मोजलंय. या सगळ्या मोजण्या आपण बहात्तरच्या सालाला लावून बघू. शेवटी मी हेही सांगणार आहे, की या हिशेबाचा आणि तुमच्या पेन्शनचा काय संबंध आहे. तेव्हा मध्येच रेडिओ बंद करू नका.

आधी इंग्रजी वर्ष घेऊ. १ जानेवारी १९७२ ला शनिवार होता. ते लीप वर्ष होतं, म्हणजे फेब्रुवारी २९ दिवसांचा आणि वर्ष ३६६ दिवसांचं. गंमत म्हणजे त्या वर्षात दोन सेकंदही जास्तीचे होते. जगाचं घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायचं म्हणून ३० जूनला एक आणि ३१ डिसेंबरला एक असे दोन सेकंद त्यात घातले होते. दोन सेकंदांनी आपल्याला काही फरक पडत नाही. पण दुष्काळाचं वर्ष घड्याळावरही लांबच निघालं म्हणायचं.

आता दुष्काळ कधीचा ते पाहा. आपल्याकडे बऱ्याच भागांत १९७० पासूनच पाऊस ओढ देत होता. १९७२ चा पावसाळा पार कोरडा गेला. खरीप गेला. जमिनीत ओल नाही म्हटल्यावर रब्बीही गेला. पण भूक काही पाऊस न पडल्याच्या दिवशी लागत नाही. कणगीतलं धान्य संपलं की मग लागते. त्यामुळे लोकांची खरी परवड झाली ती पुढच्या उन्हाळ्यात. राज्यभरात दुष्काळी कामांवर सगळ्यात जास्त माणसं होती ती मे १९७३ मध्ये, जवळपास ५० लाख. खडी फोडणं, पाझर तलाव, नाल्याचे बांध, रस्ते अशी कामं चालली होती आणि त्यांवर बाया फार मोठ्या संख्येने होत्या. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलोची तांबडी ज्वारी आजही आज्यांच्या बोलण्यात येते. त्या कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमीला बळ मिळालं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

म्हणजे इंग्रजी हिशेबाने ज्या दिवसांत खडीवर सगळ्यात जास्त हात होते, ते दिवस त्र्याहत्तरचे. तरी एकही आजी "त्र्याहत्तरचा दुष्काळ" म्हणत नाही. ती बहात्तरचाच म्हणते. ती विसरलेली नाही. तिचं वर्ष जानेवारीत बदलतच नाही. ते कुठे बदलतं ते आता पाहू.

आपलं पाडव्याचं वर्ष म्हणजे शालिवाहन शक. १६ मार्च १९७२ ला गुढीपाडवा होता. त्या दिवशी शके १८९४ सुरू झालं. पंचांगात प्रत्येक वर्षाला एक नावही असतं. अशी साठ नावं आहेत, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. शके १८९४ चं नाव परिधावी संवत्सर. हेच नाव पुन्हा २०३२ च्या पाडव्याला येईल. आज तरण्या असलेल्या मुलींना ते पंचांगात बघता येईल.

शके १८९४ संपलं कधी? पुढचा पाडवा ४ एप्रिल १९७३ ला आला. १६ मार्चपासून ३ एप्रिलपर्यंत मोजलं तर हे वर्ष ३८४ दिवसांचं भरतं. एवढं लांब कसं? कारण त्यात तेरा महिने होते. त्या वर्षी वैशाख अधिक होता. आपण ज्याला धोंड्याचा महिना म्हणतो तो. साधारण १४ एप्रिल ते १३ मे १९७२ हा धोंडा होता आणि त्यानंतर खरा, म्हणजे निज, वैशाख आला.

"दुष्काळात तेरावा महिना" ही म्हण आपण उठता बसता वापरतो. पाहुणे आले, गॅस संपला, की दुष्काळात तेरावा महिना. बहात्तरला हे अक्षरशः घडलं. एकाच मराठी वर्षात दुष्काळही होता आणि तेरावा महिनाही होता.

हा तेरावा महिना येतो कुठून, तेही समजून घेऊ. आपले महिने चंद्राचे. अमावस्या ते अमावस्या साधारण साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने केले की ३५४ दिवस होतात. पण ऋतू सूर्यामुळे होतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच पडू दिली तर काही वर्षांनी दिवाळी भर पावसाळ्यात येईल आणि पोळा उन्हाळ्यात. म्हणून साठलेली तूट एक महिना जास्तीचा घालून भरून काढतात. साधारण ३२-३३ महिन्यांनी अशी वेळ येते. आपण गटात कशी मागची थकबाकी एकदम भरतो, तसंच हे.

आता म्हणीत या महिन्याची एवढी धास्ती का, ते पाहा. मोजणी कशी केली यावर कुणाच्या पदरात काय पडतं ते ठरतं. सालगड्याचं उदाहरण घ्या. पाडव्याला सालगडी ठरतो आणि पुढच्या पाडव्याला साल संपतं. साध्या वर्षी ते ३५४ दिवसांचं. शके १८९४ मध्ये मात्र पाडवा ते पाडवा असा बोल झाला असेल तर ते साल ३८४ दिवसांचं झालं. बोली एकाच सालाची, काम तीस दिवसांचं जास्त. घरातल्या बाईचंही तसंच. धान्य भरताना बारा महिन्यांचा अंदाज धरायचा, आणि खायला तेरा महिने. तेरावा महिना कुणाच्या अंगावर पडायचा ते म्हणीलाच ठाऊक आहे.

इथे एक बारकावा आहे. भारत सरकारचीही एक दिनदर्शिका आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती सुचवली आणि २२ मार्च १९५७ पासून ती लागू झाली. तिच्यातही शकच आहे, महिन्यांची नावंही चैत्र, वैशाख अशीच आहेत. पण ती सूर्यावर चालते. तिचा १ चैत्र २२ मार्चला येतो आणि लीप वर्षात २१ मार्चला. म्हणून सरकारी शके १८९४ सुरू झालं २१ मार्च १९७२ ला आणि त्यात बाराच महिने होते. पंचांगाचं आणि सरकारचं, दोन्ही शके १८९४. तरी एक ३८४ दिवसांचं आणि दुसरं ३६६ दिवसांचं. सरकारी कागदावर मराठी महिन्याचं नाव दिसलं तर लगेच तिथीशी जुळवायला जाऊ नका, ते एवढ्यासाठी सांगितलं.

व्यापाऱ्यांचा विक्रम संवत वेगळा. तो शकाच्या १३५ वर्षं पुढे आहे. त्यातही दोन रीती आहेत. हिंदी मुलखात तो चैत्रात बदलतो. गुजरातेत आणि तिकडच्या रीतीने चालणाऱ्या व्यापाऱ्यांत दिवाळी पाडव्याला बदलतो. त्यामुळे १९७२ च्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या माणसाच्या लेखी संवत २०२९ चालू होतं, तर गुजराती दुकानदाराच्या वहीवर अजून २०२८. नोव्हेंबरात दिवाळी झाली तेव्हा त्याच्याही वहीवर २०२९ आलं. आपल्या आई-आज्यांनी त्या दिवाळीत उधारीवर काही नेलं असेल, तर जुनी बाकी त्या दिवशी नव्या वहीत गेली असणार. त्यांचं दुष्काळाचं वर्ष संपलं नव्हतं, दुकानदाराचं मात्र नवं सुरू झालं होतं.

मुस्लिम मैत्रिणींचं हिजरी साल १३९२ फेब्रुवारी १९७२ मध्ये सुरू झालं. तेही चंद्राचं वर्ष, ३५४-३५५ दिवसांचं. पण त्यात अधिक महिना घालत नाहीत. म्हणून मोहरम, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. बहात्तरला दिवाळी आणि रमजान ईद नोव्हेंबरच्या एकाच आठवड्यात आली होती. तुमच्या गावात दोन्ही समाजांची घरं असतील तर जुन्या बायांना विचारून बघा, त्या वर्षी दोन्ही घरांत काय शिजलं होतं.

बौद्ध भगिनी बुद्धवर्ष मानतात. ते बुद्धांच्या महापरिनिर्वाणापासून मोजतात. १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला २५०० वर्षं पूर्ण झाली म्हणून देशभर उत्सव झाला, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या हिशेबाने १९७२ ची वैशाख पौर्णिमा २५१६ ची.

आता एकच दिवस धरून हे सगळं एकत्र पाहू. १५ ऑगस्ट १९७२, मंगळवार. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली तो दिवस. पंचांगात तो श्रावण शुद्ध पक्षातला, शके १८९४. सरकारी दिनदर्शिकेत २४ श्रावण १८९४. हिजरी १३९२ चा रजब महिना. उत्तरेत संवत २०२९, गुजरातेत २०२८. बुद्धवर्ष २५१६. झेंडा एकच, उगवलेला सूर्यही एकच, आणि नोंदी सहा. त्यातली कुठलीच खोटी नाही.

अजून एक नोंद मी मुद्दाम शेवटाला ठेवलीय. मृगाचं साल. जुन्या कागदांवर त्याला फसली म्हणतात. फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष ऋतूंबरोबर चालत नाही, आणि शेतकऱ्याकडून सारा वसूल करायचा तर पीक हातात आल्यावरच करावा लागतो. म्हणून मोगल काळात पिकाशी बांधलेलं हे वर्ष आलं. दख्खनेत ते मृग नक्षत्र लागताना, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. निजामाच्या राज्यात ते पुढे ऑक्टोबरपासून धरत आणि महिन्यांना आजूर, बहमन अशी इराणी नावं होती. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर ती अजून दिसतात. जून १९७२ च्या मृगाला फसली १३८२ लागलं आणि जून १९७३ च्या मृगाला संपलं.

आता आजीचं बोलणं या सालाला लावून बघा. मृग कोरडा गेला तेव्हापासून पुढचा मृग बरसेपर्यंत, हा तिचा दुष्काळ. खरीप गेला तो यातच, रब्बी गेला तो यातच, खडी फोडली ती यातच, आणि मे त्र्याहत्तरचे ते ५० लाख मजूरही यातच. १९७३ ला पाऊस आला, पेरण्या झाल्या आणि साल बदललं. "बहात्तरचा दुष्काळ" हे शब्द इंग्रजी सालाचे असले तरी त्यामागची मोजणी मृगाची आहे. तिला कुणी फसली शिकवलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या कामाचं वर्ष ज्याच्या त्याच्या हाडात असतं.

सरकारी दप्तरातही अजून तसंच आहे. आपल्या राज्यात महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असतं. सातबाऱ्यावर पीकपाणी बघताना १९७२-७३ असं जोडसाल दिसतं ते म्हणूनच. आणि १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष इंग्रज सरकारने १८६७ मध्ये आणलं, ते आपण गटाच्या हिशेबात आजही पाळतो.

जुन्या कागदावर साल वाचायचं असेल तर सोपी रीत सांगते, वहीत लिहून घ्या. शकात ७८ मिळवा, इंग्रजी साल येतं. पण तिथी जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांतली असेल तर ७९ मिळवा. फसलीत ५९० मिळवा. इंग्रजी वर्ष उलटल्यानंतरच्या महिन्यांसाठी ५९१. हिजरीला असा एकच आकडा चालत नाही, कारण ते वर्षच लहान आहे. तिथे जाणत्याला विचारा.

आता मुद्द्याचं. हे सगळं बचत गटाच्या बाईने कशाला ऐकायचं?

कारण आपल्या कामात वर्षावर पैसे ठरतात. अटल पेन्शनमध्ये १८ ते ४० वयापर्यंतच नाव घालता येतं. जीवनज्योती विम्यात १८ ते ५०. सुरक्षा विम्यात १८ ते ७०. श्रावणबाळ योजनेला ६५ पूर्ण लागतात. या रेघांच्या अलीकडे पलीकडे एका वर्षाचा फरक पडला तरी बाई आत येते किंवा बाहेर राहते. आणि आपल्या जुन्या बायांचं वय कागदावर कसं चढलंय ते तुम्हाला माहीतच आहे. गावात कितीतरी जणींचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींनी पोरगी डोळ्याने बघितली आणि १ जून लिहून टाकलं. ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी पडलं.

उदाहरण बघा. समजा एक आजी सांगते, "दुष्काळात मी खडीवर पाणी पाजायला जायचे, बारा वर्षांची असेन." म्हणजे १९७३ च्या उन्हाळ्यात बारा. जन्म १९६१ च्या आसपास. तिला ६५ पूर्ण होतात २०२६ मध्ये. पण आधारवर १ जानेवारी १९६६ असेल तर ६५ होतात २०३१ मध्ये. पाच वर्षांचं पेन्शन गेलं. आजीचं अंग साठीपलीकडचं, कागदावरचं वय मात्र मागे राहिलेलं.

दुसरं उदाहरण. एखादी सांगते, "मी दुष्काळातली, होळीच्या तोंडावर झाले." नुसतं ऐकून आपण १९७२ लिहून मोकळ्या होतो. पण थांबा. बहात्तरच्या होळीला तर मृग अजून लागायचा होता. तिने सांगितलेली होळी दुष्काळाच्या आतली, म्हणजे मार्च १९७३ ची. पाडवा अजून यायचा होता, म्हणून पंचांगात शके १८९४ च, इंग्रजीत मात्र १९७३. तिसरी म्हणाली, "बहात्तरच्या धोंड्यातली मी," तर तिने जवळजवळ तारीखच दिली. १४ एप्रिल ते १३ मे १९७२, यातला एखादा दिवस. त्यानंतरचा धोंडा थेट १९७४ च्या भाद्रपदात आला, त्यामुळे घोळ होण्याचा प्रश्नच नाही. आणि "धोंड्यातली" हे बायका विसरत नाहीत, कारण त्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं.

म्हणून कुणाचंही वय विचारताना "तुमचं वय किती?" हा प्रश्न विचारू नका. हे प्रश्न विचारा. तुमच्या जन्माच्या वेळी शेतात काय उभं होतं? पेरणी झाली होती का? सण कुठला जवळ होता? गावात त्या वर्षी काय झालं होतं? पूर, साथ, निवडणूक, देवळाचा कळस, वीज आली, रस्ता झाला? तुमच्या पाठचं भावंड किती पावसाळ्यांनी झालं? चार उत्तरं जुळली की वर्ष सापडतं.

पण हेही नीट ऐका. असं काढलेलं वर्ष म्हणजे पुरावा नव्हे. ते नोंद शोधायला उपयोगी पडतं. कुठल्या सालाचं रजिस्टर उघडायचं ते कळतं. नोंद कुठे शोधायची? पहिली शाळा. एक इयत्ता शिकली असली तरी जनरल रजिस्टरमध्ये नाव असतं, तिथून शाळा सोडल्याचा दाखला निघतो. दुसरी ग्रामपंचायत, जन्म-मृत्यू नोंदीसाठी. तिसरं तहसील कार्यालयातलं जुनं दप्तर. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींच्या त्या वहीला कुठे कोतवाल बुक म्हणतात, कुठे गाव नमुना चौदा. आणि एक गोष्ट शोधणारे पुरुष हमखास विसरतात. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे आजीच्या जन्माची नोंद तिच्या बापाच्या गावात न सापडता तिच्या आईच्या माहेरी सापडू शकते. तिथे नावही नसेल, बापाच्या नावापुढे नुसतं "मुलगी" लिहिलेलं असेल. तेवढ्यावर परत फिरू नका. साल आणि महिना जुळतो का ते बघा.

आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात वय ठरवताना आधारऐवजी शाळेच्या दाखल्याला मान दिला. आणि आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते. म्हणून आधी कागद शोधा, मग दुरुस्तीला जा. पेन्शन लवकर मिळावं म्हणून कुणी वय वाढवून लिहायला सांगितलं तर ऐकू नका. आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, बँकेत तिसरं असं झालं की पुढे वारसाच्या वेळी लेकरांना त्रास होतो. खरं ते एकदाच, सगळीकडे सारखं.

आपल्या नातवंडांच्या बाबतीत तर हा घोळ होऊच देऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पुढच्या कितीतरी कामांत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागणार आहे. मुलगी झाली म्हणून नोंद मागे ठेवायची नाही.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. एक मोठा कागद घ्या. डावीकडे सालं लिहा, १९६० पासून. प्रत्येक सालापुढे आपल्या गावात काय घडलं ते जुन्या बायांना विचारून लिहा. कुठल्या वर्षी धोंडा आला, कुठल्या वर्षी पाऊस गेला, कुठल्या वर्षी नळ आला. बहात्तरपुढे मात्र दोन ओळी मोकळ्या सोडा, कारण त्या वर्षाबद्दल प्रत्येक आजीला काहीतरी सांगायचं असतं. हा कागद गटाच्या पेटीत ठेवा. कुणाचं वय काढायचं झालं की तो बाहेर काढायचा.

पंचांग पंडितांनी केलं, फसली वसुली करणाऱ्यांनी चालवलं, मार्च एंड साहेबांनी आणला. आपल्या आज्यांची मोजणी मात्र अजून कुणी लिहून घेतलेली नाही, आणि ती सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्यात. ती या महिन्यात लिहून घ्या.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.